वर्षाला दोन बोटं सरकणारी माती

नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवाजवळ असलेल्या स्वालबार्ड बेटसमूहातल्या दऱ्यांचे फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत. उन्हाळ्यातला एखादा उघडा. बर्फाच्या टोप्या घातलेली शिखरं क्षणभर बाजूला ठेवा आणि त्यांच्या पायथ्याकडचा साधा, मातकट उतार बघा. तो गुळगुळीत नसतो. जाड जाड जिभा एकीखाली एक टाकाव्यात तशी माती खाली आलेली दिसते. प्रत्येक जिभेची कड गोलसर, कुठे गुडघ्याएवढी, कुठे कमरेएवढी उंच. कडेवर शेवाळ आणि खुरटं गवत, पाठीवर बहुतेक उघडी माती आणि गोटे. लांबून पाहिलं तर डोंगरउतारावरची भाताची खाचरं आठवतात, फक्त इथले बांध कुणी घातलेले नाहीत.

या जिभा दरवर्षी थोड्या थोड्या खाली येतात. वेग कुठे वर्षाला काही मिलिमीटर, कुठे वीतभर, पण बहुतेक ठिकाणी एक-दोन बोटं. डोंगराची माती एकदम खाली आली की आपण 'दरड कोसळली' म्हणतो, आणि त्या शब्दामागे आपल्याकडे पुष्कळ दुःखही आहे. पण इतक्या सावकाश उतरणाऱ्या मातीसाठी आपल्या रोजच्या बोलण्यात शब्द नाही. तशी माती आपल्या नजरेला पडतच नाही, मग शब्द कुठून येणार?

शास्त्रात या सरकण्याला सॉलिफ्लक्शन म्हणतात. लॅटिनमध्ये 'सोलम' म्हणजे माती आणि 'फ्लुएरे' म्हणजे वाहणं. हा शब्द १९०६ मध्ये योहान गुन्नार आंदेरसन या स्वीडिश भूवैज्ञानिकानं रूढ केला. १८९९ मध्ये तो नॉर्वे आणि स्पिट्सबर्गेन (स्वालबार्डचं सगळ्यात मोठं बेट) यांच्या मधल्या बेअर आयलंड नावाच्या उजाड बेटावर मोहीम घेऊन गेला होता. बर्फ वितळायच्या दिवसांत तिथल्या उतारांवर चिखल आणि दगड यांचा घट्ट रगाडा खाली उतरताना त्यानं पाहिला. तो प्रवाह नदीसारखा पातळ नव्हता आणि कडा ढासळावा तसा अचानकही नव्हता. पुढे अंटार्क्टिक मोहिमेत फॉकलंड बेटांवर त्याला दगडांच्या लांबच लांब 'नद्या' दिसल्या. या सगळ्याला मिळून एक नाव हवं, असं त्याला वाटलं. हाच माणूस १९१४ मध्ये चीनला गेला आणि १९२१ मध्ये यांगशाओ गावाजवळ अश्मयुगीन वसाहत उजेडात आणून पुरातत्त्वाच्या इतिहासात पोचला. त्याची तीच ओळख जास्त गाजली. मला मात्र बेअर आयलंडवर चिखलाकडे बघत उभा राहिलेला तरुण आंदेरसन अधिक जवळचा वाटतो, कारण पायाखालची माती चालते आहे हे ओळखायला फार शांत नजर लागते.

आता या सगळ्यातली मुख्य गोष्ट. ध्रुवाजवळची जमीन शेकडो मीटर खोलपर्यंत गोठलेली असते, म्हणजे ती दगडासारखी घट्ट आणि स्थिर असणार, असं आपण धरून चालतो. खालचा भाग तसा असतोही. पण वरची माती सरकते ती नेमकी खालची जमीन गोठलेली असते म्हणून. हे कसं, ते समजून घ्यायचं तर आधी पर्माफ्रॉस्ट म्हणजे काय ते पाहू.

कधीच न वितळणारी फरशी

सलग किमान दोन वर्षं ज्या जमिनीचं तापमान शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहतं, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. व्याख्या एवढीच आहे. त्या जमिनीत बर्फ असलाच पाहिजे असं नाही, कोरडा खडकसुद्धा पर्माफ्रॉस्ट असू शकतो. तसंच दोन वर्षं ही खालची मर्यादा झाली. सायबेरियात लाखो वर्षं गोठलेली जमीन आहे.

तिची खोली किती, हे माणसाला पहिल्यांदा नीट कळलं ते एका विहिरीमुळे. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात फ्योदर शेर्गिन यांनी १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. खणत गेले, खणत गेले, पण पाणी लागेना. १८३७ मध्ये काम थांबवलं तेव्हा विहीर ११६ मीटर खोल गेली होती आणि तळाची जमीन तरीही गोठलेलीच होती. म्हणजे साधारण ३५ ते ४० मजली इमारतीएवढी खोली. पुढे १८४० च्या दशकात अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ यांनी याच विहिरीत उतरत्या खोलीवर तापमान मोजलं आणि गोठलेल्या जमिनीचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिथून सुरू झाला. पाण्याचा थेंबही न देणाऱ्या विहिरीनं विज्ञानाला एवढं दिलं.

स्वालबार्डमध्ये दऱ्यांच्या तळाशी पर्माफ्रॉस्ट साधारण १०० मीटरपर्यंत आहे आणि डोंगरांत तो ४०० ते ५०० मीटरपर्यंत जातो. त्याच्या वर असलेला जमिनीचा थर मात्र दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात परत गोठतो. त्याला सक्रिय थर म्हणतात. लाँगियरब्येन गावाजवळच्या आडवेंटदालेन दरीत तो सुमारे मीटरभर आहे. तिथली झाडोरी त्यातच उगवते, मुळं त्यातच राहतात, आणि आपली सरकणारी मातीही त्यातच असते. खालची गोठलेली जमीन म्हणजे या मीटरभर मातीची फरशी.

कोकणातला कातळाचा सडा ज्यानं पावसाळ्यात पाहिला आहे, त्याला या फरशीचा अर्थ लगेच कळेल. कातळावर वीतभर माती असते. पाऊस पडला की पाणी त्या मातीत शिरतं, पण कातळातून खाली जाऊ शकत नाही. माती तुडुंब भिजते आणि पाय टाकला की पचपचते. पर्माफ्रॉस्ट नेमकं कातळाचं काम करतो. वर साचलेल्या बर्फाचं पाणी, पावसाचं पाणी, मातीतच वितळलेल्या बर्फाचं पाणी, सगळं त्या मीटरभरात अडकतं. स्वालबार्डमध्ये पाऊस-बर्फ मिळून वर्षाला फार थोडा पडतो, हिशोबानं तो वाळवंटी प्रदेशच. तरी उन्हाळ्यात तिथले उतार चिखलानं भरतात, ते या फरशीमुळे.

गोठणाऱ्या मातीला लागणारी तहान

पाणी गोठलं की ९ टक्क्यांनी फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. म्हणून थंडीत माती वर उचलली जाते, असं उत्तर बहुतेक जण देतील. हिशोब करून बघू. मीटरभर जाडीच्या मातीत ४० टक्के जागा पाण्यानं भरली आहे असं धरलं, तर ते ४० सेंटिमीटर पाणी झालं. त्याचे ९ टक्के म्हणजे साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात काही ठिकाणी जमीन याच्या कितीतरी पट वर उचलली जाते. म्हणजे आणखी काहीतरी घडत असणार.

ते काय, हे स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकानं १९२९-३० च्या सुमारास एका देखण्या प्रयोगातून दाखवलं. त्यानं मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरलं. बेंझिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही गोठताना माती वर उचलली गेली! म्हणजे फुगण्याचा मुद्दाच दुय्यम ठरला. गोठणारी माती खालून आणखी द्रव ओढून घेत होती, हे खरं कारण होतं.

हे असं होतं. माती गोठू लागली तरी प्रत्येक कणाभोवती पाण्याचा अतिशय पातळ पडदा द्रव अवस्थेतच राहतो. जिथे बर्फ धरू लागतो तिथे या पडद्यात ओढ तयार होते, आणि वात जशी तेल वर खेचते तसं खालच्या न गोठलेल्या मातीतलं पाणी बर्फाकडे खेचलं जातं. तिथे पोचलं की गोठतं, मग आणखी पाणी येतं. अशानं मातीत शुद्ध बर्फाचे आडवे पापुद्रे तयार होतात. काही केसाएवढे पातळ, काही बोटभर जाड. अशी गोठलेली माती मधोमध कापली तर ती चिरोट्यासारखी दिसते: मातीचा करडा पदर, मग काचेसारखा बर्फाचा पदर, पुन्हा माती, पुन्हा बर्फ. यात कुठली माती आहे यालाही महत्त्व आहे. वाळूच्या कणांमधल्या फटी मोठ्या असतात, तिथे ही ओढ टिकत नाही. चिकणमातीत ओढ जबर, पण फटी इतक्या बारीक की पाणी फार हळू चढतं. दोन्हींच्या मधला पोयटा या कामाला सगळ्यात सोयीचा. हिमनद्यांनी खडक दळून केलेलं पीठ ध्रुवीय प्रदेशात अमाप आहे आणि ते बरचसं याच जातीचं असतं.

आता ही उचललेली माती उतारावर आहे असं समजा. थंडी जमिनीच्या पृष्ठभागातून आत शिरते, म्हणून पापुद्रे उताराला समांतर बसतात आणि मातीचा कण उताराला काटकोनात वर उचलला जातो. म्हणजे सरळ आकाशाकडे नाही, थोडा दरीच्या बाजूला झुकून. उन्हाळ्यात पापुद्रे वितळतात तेव्हा मात्र कण गुरुत्वाकर्षणानं सरळ खाली बसू बघतो. जाताना तिरका, येताना सरळ. या दोन वाटांतला फरक म्हणजे त्या वर्षीची कमाई. उतार १० अंशांचा असेल आणि माती १० सेंटिमीटर उचलली गेली असेल, तर भूमितीच्या हिशोबानं कण उतारावरून पावणेदोन सेंटिमीटर खाली आला. प्रत्यक्षात माती चिकट असते, बसताना ती थोडी मागेही ओढली जाते, त्यामुळे कमाई याहून कमी पडते. चार्ल्स डेव्हिसन या इंग्रज संशोधकानं १८८९ मध्येच हे पायरीपायरीचं सरकणं मांडलं होतं. पहाटेच्या कडक थंडीत मातीतून उगवणाऱ्या बर्फाच्या सुयाही हेच काम करतात. त्या डोक्यावर खडे उचलतात आणि ऊन आलं की पुढच्या बाजूला टाकतात.

हे झालं एक पाऊल. दुसरं पाऊल वितळताना पडतं, आणि आंदेरसननं पाहिलं ते हेच. पापुद्र्यांमध्ये मातीला एरवी पेलेल त्यापेक्षा जास्त पाणी साठलेलं असतं. ते सुटतं तेव्हा कणांच्या मधल्या फटींत मावत नाही. वरून मातीचं वजन दाबत असतं, खाली फरशी असते, पाण्याला वाट नसते. मग त्या वजनाचा काही भार पाणीच उचलून धरतं. कण एकमेकांवर घट्ट टेकले असतील तर घर्षणामुळे माती जागेवर राहते. पाण्यानं त्यांना जरासं उचलून धरलं की घर्षण कमी होतं आणि सगळा थर आपल्याच वजनानं ओघळतो. म्हणूनच दोन-तीन अंशांच्या, डोळ्याला जवळजवळ सपाट वाटणाऱ्या उतारावरही माती चालते. 

दोन्ही बाजूंनी गोठणं

इथवर जे सांगितलं ते फक्त ध्रुवाजवळच घडतं असं नाही. दक्षिण नॉर्वेच्या डोंगरांत, कोलोरॅडोच्या शिखरांखाली, हिमालयाच्या उंच भागातही माती अशी सरकते. तिथल्या कित्येक उतारांखाली पर्माफ्रॉस्ट नसतो, तरी हिवाळ्यात जमीन वरून गोठते आणि वसंतात वितळते. मग कायम गोठलेल्या फरशीनं नेमका काय फरक पडतो?

तिथे या विषयातला मला सगळ्यात आवडणारा तपशील येतो. जिथे पर्माफ्रॉस्ट नाही तिथे जमीन फक्त वरून खाली गोठते. स्वालबार्डसारख्या ठिकाणी शरद ऋतूत थंडी वरून तर येतेच, पण खालची फरशीही थंड असते, त्यामुळे खालूनही गोठणं वर चढू लागतं. सक्रिय थर दोन्ही बाजूंनी चिमटीत सापडतो. वरचा बर्फ पाणी वर ओढतो, खालचा बर्फ खाली ओढतो आणि मधला भाग कोरडा पडतो. थंडी संपेपर्यंत पापुद्र्यांची दाटी दोन ठिकाणी झालेली असते. एक पृष्ठभागाजवळ, आणि दुसरी अगदी तळाशी, फरशीला लागून.

पुढच्या उन्हाळ्याचा क्रम बघा. जूनमध्ये वरचे पापुद्रे वितळतात आणि पृष्ठभाग थोडा सरकतो. जुलैत वितळण्याची रेषा मधल्या कोरड्या मातीतून खाली जाते, तेव्हा फारसं काही घडत नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात ती तळाच्या बर्फाला भिडते. तिथलं पाणी सुटतं आणि सगळ्या थराच्या बुडाखाली निसरडा पट्टा तयार होतो. मग वरची मीटरभर माती, मुळं, दगड, शेवाळ यांसकट एकसंध पुढे येते. दुलई गादीवरून घसरावी तशी, घडी न मोडता.

कॅनडात मॅकेन्झी नदीच्या मुखाशी गॅरी नावाचं बेट आहे. जे. रॉस मॅके यांनी तिथल्या उतारात लवचीक नळ्या उभ्या पुरल्या आणि वर्षानुवर्षं त्यांचा आकार तपासला. माती फक्त वरून वाहत असती तर नळीचं डोकं पुढे वाकलं असतं आणि बूड जागेवर राहिलं असतं. पण बहुतेक लांबी जवळजवळ सरळ राहूनच पुढे गेली होती आणि वाक तळाशी होता. १९८१ मध्ये त्यांनी हे मांडलं. तोवर बहुतेकांच्या डोक्यात सरकत्या मातीचं चित्र होतं ते वसंतातल्या चिखलाचं. मॅके यांनी दाखवलं की थंड पर्माफ्रॉस्टवरचा उतार उन्हाळ्याच्या अखेरीस, कुणी पाहत नसताना चालतो.

मोजणी हीच या विषयातली खरी तपश्चर्या आहे. जुनी पद्धत अशी: उतारावर एका ओळीत दगड मांडायचे, रंगवायचे, आणि दरवर्षी येऊन ओळ कुठे किती वाकली ते बघायचं. मातीच्या आत काय चाललंय ते कळण्यासाठी स्टेन रुडबर्ग या स्वीडिश भूगोलज्ञानं एक साधी युक्ती काढली. जमिनीत उभं भोक पाडायचं आणि त्यात लाकडाचे छोटे ठोकळे एकावर एक रचून माती बुजवायची. काही वर्षांनी शेजारी खड्डा घेऊन, हलक्या हातानं माती खरवडत ते ठोकळे उघडे करायचे. ठोकळ्यांची रांग आता तिरपी, वाकलेली दिसते, आणि तो वाक म्हणजे तेवढ्या वर्षांत मातीचा प्रत्येक थर किती चालला याची नोंद. खणताना घाई झाली की ठोकळा हलतो, आणि मग इतक्या वर्षांचं थांबणं वाया जातं. आता लाँगियरब्येनजवळच्या एंदालेन दरीत जमिनीत पुरलेली उपकरणं तापमान, पाण्याचा दाब आणि सरकणं एकाच वेळी टिपतात, आणि २०१४ पासून सेंटिनेल-१ उपग्रहांच्या रडारवरून अख्ख्या डोंगररांगांची हालचाल मिलिमीटरच्या पातळीवर काढता येते.

एवढ्या मंद गतीनं होतं तरी काय? एक हिशोब मांडू. अर्धा मीटर जाडीचा थर वर्षाला दोन सेंटिमीटर सरकला, तर उताराच्या दर मीटर रुंदीमागे १० लिटर माती खाली आली. म्हणजे साधारण एक घमेलं. पण उतार किलोमीटरभर रुंद असतो आणि स्वालबार्डच्या बऱ्याच दऱ्यांवरून हिमनद्या हटून सुमारे १० हजार वर्षं झाली आहेत. दोन सेंटिमीटरच्या वेगानं तेवढ्या काळात माती २०० मीटर चालली असती.

तरीही या प्रक्रियेचं महत्त्व फुगवून सांगायला नको. आंदेर्स राप यांनी उत्तर स्वीडनमधल्या कार्केवागे दरीत १९५२ ते १९६० अशी सलग मोजणी केली आणि डोंगर झिजवणाऱ्या सगळ्या प्रक्रियांचा ताळेबंद मांडला: कडे कोसळणं, हिमप्रपात, चिखलाचे लोट, सरकती माती. पहिला नंबर लागला तो पाण्यात विरघळून जाणाऱ्या क्षारांचा. डोंगराला सगळ्यात जास्त झिजवत होतं ते डोळ्यांना न दिसणारं विरघळणं, आणि सॉलिफ्लक्शन यादीत बरंच खाली होतं. मात्र उताराला आकार कोण देतं, असं विचारलं तर उत्तर बदलतं. विरघळलेले क्षार जिभा तयार करत नाहीत.

जीभ तयार होते ती वरचा थर खालच्यापेक्षा जलद जातो म्हणून. पुढच्या कडेला वरची माती ओसंडून खाली येते, तिच्यावरून मागची माती पुढे येते, आणि रणगाड्याचा पट्टा जमिनीवर अंथरला जावा तशी जीभ पुढचं गवत स्वतःखाली घेत जाते. त्यामुळे जिभेत आडवा चर खणला की तळाशी काळसर पट्टी सापडते. ते गाडलेलं गवत असतं, शेकडो-हजारो वर्षांपूर्वीचं. कोलोरॅडोत जेम्स बेनेडिक्ट यांनी अशा पट्ट्यांचं कार्बन कालमापन करून १९७० मध्ये जिभांचा प्राचीन वेग काढला. कडेपासून जितकं आत जावं तितकं गवत जुनं. त्यावरून कुठल्या शतकांत जीभ जोरात चालली आणि कधी थबकली, हे वाचता येतं. अशा एका चरासमोर उभं राहून हजार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातलं गवत हातात धरायला मिळावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

याच स्वालबार्डशी आपलं नातंही आहे. न्यू ओलेसुंद इथे १ जुलै २००८ रोजी भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र सुरू झालं आणि त्याचा कारभार चालतो तो वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. गोव्याच्या किनाऱ्यावर बसून ध्रुवाच्या मोहिमा आखल्या जातात. हिमाद्री ज्या द्वीपकल्पावर आहे, त्याच्याच टोकाला क्वाडेहुक्सलेट्टा नावाचं सपाट मैदान आहे. तिथे दगडांची मोठमोठी वर्तुळं जमिनीवर आखलेली दिसतात: कडेनं गोट्यांची रास, मध्ये बारीक माती. ती माणसानं केलेली नाहीत. वर्षानुवर्षांच्या गोठण्या-वितळण्यानं दगड आणि माती एकमेकांपासून वेगळी केली. सपाटीवर वर्तुळं होतात, आणि जमीन जराशी कलली की मातीच्या सरकण्यानं ती ताणली जाऊन उतारावर दगडांचे लांब पट्टे होतात.

गोठणारी माती दगड जसे वर ढकलते, तसं पुरलेलं काहीही वर ढकलते. १९१८ च्या शरदात फ्लूच्या साथीनं दगावलेल्या सात तरुणांना लाँगियरब्येनमध्ये पुरलं होतं. १९९८ मध्ये विषाणूचा शोध घेण्यासाठी काळजीपूर्वक ती जागा उकरली, तेव्हा शवपेट्या सापडल्या त्या पर्माफ्रॉस्टमध्ये नाहीत, तर वरच्या सक्रिय थरात, जिथे देह दर उन्हाळ्यात वितळत राहिले. आज त्या गावातली घरं खांबांवर उभी आहेत आणि जमिनीच्या वरून नेलेल्या नळांनी पाणी येतं. खांब सक्रिय थर ओलांडून खाली फरशीत घट्ट बसवावे लागतात, नाहीतर माती त्यांना उचलते आणि उतारावर असतील तर कलंडवते.

अलास्कात तर रस्त्यालाच बाजूला व्हावं लागलं. ब्रुक्स पर्वतरांगेत गोठलेला राडारोडा, झाडं आणि बर्फ यांचे अजस्र ढीग उतारावरून वर्षाला काही मीटर वेगानं खाली येतात. ते सॉलिफ्लक्शनच्या जिभांपेक्षा कितीतरी जाड आणि त्यांची चालही वेगळी, पण जन्म त्याच थंड उतारांवरचा. त्यातला एक डाल्टन महामार्गाच्या दिशेनं येत होता. ढीग अडवणं शक्य नव्हतं, म्हणून २०१८ मध्ये महामार्गाचा तो तुकडाच दूर हलवला.

आणि आता हवामान तापतंय. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापला आहे. मग माती जोरात सरकू लागेल का? याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि जे देतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. उन्हाळा लांबला की वितळण्याची रेषा नेहमीपेक्षा खाली जाते. फरशीचा वरचा भाग बर्फानं गच्च असतो, कारण वर्षानुवर्षं पाणी तिथे येऊन गोठलेलं असतं. तो पहिल्यांदाच वितळला की उतार अचानक जास्त सरकतो. कधी त्याहून वाईट होतं: अख्खा सक्रिय थर तुटून तासाभरात खाली येतो, आणि तेव्हा ती खरोखर दरड असते. बर्फाचं प्रमाण फारच असेल तर जमीन आतून खचत जाते. सायबेरियातल्या याकुतिया प्रांतातली बाटागायची दरी १९६० च्या दशकात जंगल तोडल्यावर अशीच सुरू झाली आणि आज ती सुमारे किलोमीटरभर लांब आहे. तिच्या कड्यात साडेसहा लाख वर्षं जुना पर्माफ्रॉस्ट उघडा पडला आहे. या गोठलेल्या जमिनींत साठलेला कार्बन हवेतल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट आहे, त्यामुळे उतारावर काय घडतं हा फक्त उताराचा प्रश्न राहत नाही.

पण उलटही होऊ शकतं. साठलेला बर्फ एकदा संपला, फरशी खोल गेली आणि पाण्याला वाट मिळाली, तर तोच उतार कोरडा पडून मंदावू शकतो. फरशी इतकी खाली गेली की हिवाळ्यातली थंडी तिच्यापर्यंत पोचेनाशी झाली, तर खालून वर चढणारं गोठणं थांबेल. मग तळाला पापुद्रे धरणार नाहीत आणि ऑगस्टअखेरचं ते एकसंध सरकणं बंद होईल. उरेल ते फक्त वसंतातलं, वरवरचं ओघळणं, दक्षिण नॉर्वेच्या डोंगरांत दिसतं तसं. स्वालबार्डमध्ये ती वेळ अजून आलेली नाही. तिथे शरद ऋतूत थंडी अजूनही खालून वर चढते, बर्फाचे पदर तळाशी धरतात, आणि पुढच्या ऑगस्टच्या शेवटी ती जाड जीभ आपल्या दगडगोट्यांसकट बोटभर पुढे येते.